टँकरच्या पाण्यावर वाळलेली मोसंबी

माझं काम रोपवाटिकेतलं. रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, मोसंबीचे डोळे (फुटव्याच्या कळ्या) भरायचे आणि कलमं विकायची. पण 2013 च्या दुष्काळी उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात कलमं घेणार कोण? उभ्या बागांवर जेसीबी फिरत होते. फोन यायचे ते आहे ती बाग वाचेल का, एवढंच विचारायला.

अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन मात्र वेगळा होता. "दादा, मी टँकरनं पाणी घालतोय, तरी झाडं वाळायलीत. वडलांनी लावलेल्या ओळी तेवढ्या हिरव्या हायेत, अन् त्यायला मी पाणी सगळ्यात कमी देतो. उद्या जेसीबी सांगितलाय. त्याच्या आधी एकदा बघून जा."

दुष्काळात कमी पाण्याची झाडं हिरवी आणि जास्त पाण्याची वाळलेली, हे ऐकल्यावर घरी बसवेना.

बांधावरून पाहिलं तरी दोन भाग वेगळे दिसत होते. त्याने स्वतः लावलेल्या भागात पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या, शेंडे वाळलेले, फळं मात्र भरपूर. मरायला टेकलेली मोसंबी अशीच फळाला येते. प्रत्येक झाडाला खोडाला चिकटून घमेल्याएवढं आळं केलेलं. टँकरच्या नळीनं पाणी थेट बुंध्यात. वाया जाऊ नये म्हणून काटकसर केलेली. मी बुंध्याशी हात घातला तर माती गार, चिकट. कलमाचा जोड, म्हणजे खुंट आणि मोसंबी जुळतात ती जागा, कुठे दिसेना. खुरप्यानं माती ओढली तेव्हा तो चांगला चार बोटं खाली सापडला. चाकूनं साल खरवडली तर खाली हिरवं-पांढरं दिसायच्या ऐवजी तपकिरी आणि आंबूस वासाची. वरच्या बाजूला मधासारखे डिंकाचे थेंब वाळून बसलेले.

डिंक्या, म्हणजे बुंध्याची साल कुजवणारा बुरशीचा रोग. आपण खुंट म्हणून रंगपूर वापरतो ते तो या बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतो म्हणून, शिवाय तो चुनखडीला आणि पाण्याच्या ताणालाही टिकतो. पण जोडाच्या वरची साल मोसंबीची असते, आणि मोसंबी या रोगापुढे टिकत नाही. जोड मातीत गाडला की खुंट कितीही चांगला असो, उपयोग शून्य. बुरशी आधीच्या पावसाळ्यांतच शिरली असणार. उन्हाळ्यात बुंध्याशी साचवलेल्या पाण्यानं तिला पोसलं. साल भोवतीनं कुजली की पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, मुळं उपाशी मरतात आणि वर झाड तहानलेलं दिसतं. मग माणूस आणखी एक टँकर मागवतो.

वडिलांच्या ओळींत जोड जमिनीच्या वीतभर वर होता आणि आळी फांद्यांच्या घेराएवढी रुंद. पाणी पिणारी मुळं तिथंच असतात.

ज्यांची साल अर्ध्याहून जास्त गेली होती त्यांच्यावर मी चुन्याची फुली मारली, ती जेसीबीची. उरलेल्यांचे जोड उघडे केले, साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. खोडाभोवती मातीची भर देऊन कोरडं कडं केलं, जोडाच्या खालीच राहील असं, आणि पाण्याचं आळं त्याच्या बाहेर घेतलं. वर सोयाबीनचं भुसकट.

खरी अडचण पुढेच होती. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांची, फळं लिंबाएवढी झाली होती, आणि आजारी झाडांवरचा भार कमी व्हावा म्हणून ती सगळी उतरवा असं मी सांगितलं. तो गप्पच झाला. कर्ज त्या फळांवर काढलेलं. शेवटी त्याची आई उठली, "झाड राहिलं तर फळ येईल की रं," म्हणाली आणि ओट्यात हिरवी फळं तोडायला लागली. मग तोही लागला. शेतकऱ्याला फळं तोडायला सांगण्याइतकं वाईट काम या धंद्यात दुसरं नाही.

जाताना विहिरीकडेला एक झुडूप दिसलं. कलम कधीच मेलेलं, खालून खुंटच फुटून वाढलेला. तो जेसीबीच्या यादीत होता, पण त्याची आई अडून बसली होती, कारण त्याची नारिंगी, संत्र्यासारखी सुटणारी, कडक आंबट फळं तिला लोणच्याला लागायची. तो अस्सल रंगपूर होता, आणि सबंध दुष्काळ पाण्याविना काढलेला. हिवाळ्यात मी त्याची पिकली फळं मागून नेली. हे बी वाळवून ठेवायचं नसतं. फोडलं की लगेच वाफ्यात टाकायचं. एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक मूळ झाडासारखीच निघतात. वेगळी दिसतील ती उपटून टाकायची.

त्या रोपांवर भरलेली कलमं तो शेतकरी पुढे नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरायला घेऊन गेला. लागवडीला मी गेलो तेव्हा त्याच्या हातात वीतभर लांबीची काठी होती. प्रत्येक खड्ड्याशी ती जोडाला लावून बघत होता आणि माती जास्त ओढणाऱ्या गड्याला तिनंच ढोसत होता.