मावशींच्या उरलेल्या तीन गोळ्या

गेल्या आठवड्यात मेडिकल बंद करायच्या वेळेला मागच्या गल्लीतल्या मावशी आल्या. हातात को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची स्ट्रिप, तीन गोळ्या उरलेल्या. लघवीच्या जळजळीवर डॉक्टरांनी त्यांना दिल्या होत्या. "सुनेलाही तोच त्रास होतोय. देऊ का?"

सुनेला दुसरा महिना. मी म्हटलं, "नका देऊ, मावशी. सकाळीच तिला डॉक्टरांकडे न्या."

"का गं? मला तर दोन दिवसांत उतार पडला."

एवढं विचारलं, तर नीट सांगायलाच हवं. सुनेसाठी त्या माझ्याकडूनच फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी नेतात, तिथूनच सुरुवात केली. पेशी वाढायची तर नवा डीएनए हवा, त्याला फोलेट लागतं; फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप. आपल्याला ते पालेभाजी-कडधान्यांतून मिळतं. बहुतेक जंतूंना ते आयतं घेता येत नाही, स्वतः बनवावं लागतं. पाबा हा त्यातला कच्चा माल. गोळीतलं सल्फामेथॉक्साझोल हुबेहूब पाबासारखं, त्यामुळे पाबापासून फोलेट बनवायला मदत करणारं जंतूचं एन्झाइम फसतं आणि काम अडतं. हे एन्झाइम माणसात नसतंच! मला हे शिकताना जितकं नवल वाटलं होतं, तितकंच आजही वाटतं. १९४० साली डोनाल्ड वूड्स यांना यीस्टच्या अर्कात सल्फाचा (याच गटातल्या औषधाचा) परिणाम पुसून टाकणारं काहीतरी सापडलं, आणि ते पाबाच असावं हे त्यांनी ओळखलं. पू झालेल्या जागी सल्फा कमी पडतं तेही यामुळेच, पुवात पाबा असतं.

गोळीतलं दुसरं औषध ट्रायमेथोप्रिम. ते त्याच वाटेवर पुढच्या टप्प्याच्या एन्झाइमला अडवतं. मोठ्या गोळीत ८०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोलला १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असं प्रमाण असतं. एक वाट दोन ठिकाणी अडली की जंतूला निसटणं अवघड जातं.

पण हे दुसरं एन्झाइम आपल्यातही असतं. ट्रायमेथोप्रिम जंतूच्या एन्झाइमला हजारो पटींनी घट्ट धरतं, म्हणून मावशींना काही झालं नाही. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण होत असताना मात्र फोलेटच्या वाटेत येणारं औषध नको. ज्याच्यासाठी पिवळी गोळी चालू, त्यालाच दुसऱ्या गोळीने अडवायचं?

मावशी गप्प झाल्या. तीन गोळ्या काउंटरवर ठेवून गेल्या.

परवा आल्या होत्या. लघवी कल्चरला दिली आहे, डॉक्टरांनी वेगळी गोळी सुरू केली आहे. पिवळ्या गोळ्यांची नवी स्ट्रिप घेऊन गेल्या.