प्रयोगशील दादांची बाग

द्राक्षाच्या हंगामात माझा दिवस फोनवरच उजाडतो. नोकरी निर्यातदार कंपनीत, काम शेतकऱ्यांशी संपर्काचं. निफाड, दिंडोरी, चांदवड हा पट्टा माझ्याकडे, आणि तिथल्या बागायतदारांचा टेलिग्रामवरचा ग्रुपही मीच सांभाळते. २०२५ चा हंगाम तर सगळ्यांचाच जीव काढणारा. मे महिन्यात लागलेला पाऊस ऑक्टोबर सरत आला तरी हटेना. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो तो उन्हाच्या जोरावर. ऊनच नाही, म्हणून फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर बऱ्याच बागांत घड निघाले तेच मोजके. त्यातलेही जिरायला लागले, म्हणजे घडाच्या जागी नुसती बाळी, वेलीचा ताणा, व्हायला लागली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणारच.

त्या सुमारास ग्रुपवर एक दादा आले होते. नावापुढे 'प्रयोगशील शेतकरी', फोटोत हिरवागार मांडव. कुणी प्रश्न टाकायचा अवकाश, मिनिटभरात उत्तर हजर. शुद्धलेखन चोख, एक-दोन-तीन असे मुद्दे, शेवटी 'आणखी काही शंका असल्यास नक्की विचारा'. रात्री अकराला विचारा, तीच तत्परता. कधीमधी एका बाटलीचं नाव यायचं, 'आमच्या बागेत याचा रिझल्ट चांगला आला' एवढंच. एरवी उत्तरं बहुतांशी बरोबर असायची. बोर्डो मिश्रणाचं प्रमाण, भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांतला फरक, माती परीक्षण कधी करावं, यात बोट ठेवायला जागा नव्हती. लोक 'दादा, तुमच्यासारखी माणसं हवीत' असं लिहायचे.

त्या दिवशी दुपारी निफाडकडच्या एका तरुण बागायतदाराचा मेसेज आला. शेंडा जोरात चाललाय, घड जिरतोय, काय करू? सोबत दोन फोटो. दादांचं उत्तर लगेच: वेलीचा जोम नियंत्रित करण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड ५० टक्के, एक मिली प्रति लिटर, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. खाली अंगठ्यांची रांग.

मी एका बागेत उभी होते, हातातली वही गाडीच्या बॉनेटवर टाकली आणि आधी त्या पोराला फोन लावला.

सीसीसी, म्हणजे हेच क्लोरमेक्वाट, म्हटलं की आमच्या धंद्यात २०१० आठवतं. त्या वर्षी याच औषधाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि त्यासोबत कितीतरी बागायतदारांचे पैसे. जुन्या पुस्तकांत वाढ रोखायला याची शिफारस छापलेली आहेच, एक मिलीला ५०० पीपीएम हा हिशेबही बरोबर आहे. पण निर्यातीच्या बागेत हे नाव काढलं तर नाशकातला कुठलाही जाणता शेतकरी अंगावर येईल. दादांनी ते बिनदिक्कत काढलं, कारण त्यांनी पुस्तक वाचलं होतं आणि २०१० भोगलं नव्हतं.

"मारलं का रे?"

"नाही मॅडम, बाटली आणलीय. चारला ब्लोअर जोडणार होतो."

"झाकण लाव आणि बाजूला ठेव. तुझ्या बागेची निर्यातीची नोंदणी आहे, विसरलास?"

"पण त्यांनी लिहिलंय शिफारस आहे म्हणून..."

पुढची दहा मिनिटं त्याला पाणी तोडायला, नत्र बंद करायला, शेंडा खुडायला आणि फेलफुटी, म्हणजे बगलेतल्या फुटी, काढायला सांगण्यात गेली. तोही ते जाणतच होता. घाबरलेल्या माणसाला बाटलीचं उत्तर बरं वाटतं.

मग मी ग्रुपवर वळले. 'दादा, बाग कुठं आहे तुमची?' उत्तर: 'पिंपळगाव बसवंत परिसरात, साडेतीन एकर.' यावर पिंपळगावचेच एक आबा मध्ये पडले. त्यांना कसला संशय नव्हता, उलट कौतुकच. त्यांनी लिहिलं, 'अरे वा, मी इथलाच. संध्याकाळी येतो बाग बघायला.'

दादांनी लिहिलं: 'जरूर! द्राक्षबागेला भेट देताना पुढील गोष्टी सोबत ठेवा. १. पिण्याचे पाणी. २. टोपी. ३. नोंदवही. ४. आरामदायी पादत्राणे.'

ग्रुप थोडा वेळ गप्प. मग आबांचा मेसेज: 'मी अनवाणी आलो तर चालंल का?' हसण्याचा जो पूर आला तो रात्रीपर्यंत ओसरला नाही. उत्तरं माणूस नव्हे, मशीन देत होतं हे कळून चुकलं. मी ते खातं काढून टाकलं. त्यामागे कोण बसलं होतं हे कळायला मार्ग नाही. दादा कधीमधी जिचं नाव घ्यायचे त्या बाटलीवरून अंदाज मात्र येतो. तिच्यावर ना घटक लिहिलेले, ना लेबल क्लेम, म्हणजे कुठल्या पिकाला मंजुरी आहे ते, आणि असल्या बाटलीत काय निघेल ते लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कळत नाही.

माझ्या मावसभावाने, तो पुण्यात आयटीत आहे, झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांची गोष्ट सांगितली. त्यांनी रेडिटवरच्या एका वादचर्चेच्या ग्रुपवर एआयकडून माणसांच्या नावाने हजाराहून जास्त प्रतिक्रिया टाकून लोकांची मतं बदलतात का ते पाहिलं होतं, तिथल्या कुणाला न सांगता. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते उघड झालं आणि गदारोळ उठला. त्यात एआयने अत्याचारपीडितेचंही सोंग घेतलं होतं. आमच्याकडे साडेतीन एकरांच्या बागायतदाराचं घेतलं, एवढाच फरक.

सगळे हसले असं मात्र नाही. दिंडोरीच्या एकाने सरळ विचारलं, "मशीन तर मशीन, रात्री अकराला उत्तर देत होतं ना? तुम्ही देता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पण नंतर मी जुने मेसेज चाळत बसले तेव्हा दुसरंच दिसलं. आधीच्या हंगामात हा ग्रुप 'आमच्याकडे आज पानाखाली पांढरं दिसलं', 'वडनेरकडे गारा' असल्या तुटक ओळींनी भरलेला असायचा. डाऊनी एका शिवारात दिसला की शेजारच्या गावाला फवारणीसाठी एखादा दिवस हाताशी मिळायचा तो त्या ओळींमुळे. दादा आल्यापासून अशा ओळी जवळपास आटल्या होत्या. ज्याला त्याला आपल्या प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर मिळत होतं, मग शेजाऱ्याला कळवायचं कशाला?

आता औषधाचं नाव लिहायचं तर सोबत गाव, वाण आणि छाटणीची तारीख लिहायची, असा नियम केलाय. अर्धे लोक पाळत नाहीत. मी मागे लागते. निफाडच्या पोराची बाटली परत घ्यायला कृषी केंद्रवाल्याने नकार दिला, सील फुटलेलं होतं म्हणून. ती त्याच्या शेडमध्येच पडून आहे आणि दर खेपेला मी ती भरलेलीच आहे ना, हे उचलून बघते.