एवढा कोळसा, तरी घुग्घुस असं का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात कुणाला सांगितलं की मी घुग्घुसचा, तर आधी "हे कुठे आलं?" आणि मग चंद्रपूर जिल्हा, कोळसा, सिमेंट एवढं सांगून झालं की लगेच, "अरे मग तुमच्याकडे पैसाच पैसा, तरी गाव असं का?" चंद्रपूरचे लोक तर हे वणीला जाताना गाडीची काच वर करत करत विचारतात. दरवेळी हसून विषय बदलतो. आज नाही बदलत.

पैसा गावाचा कधी नव्हताच. कोळशावर १४ टक्के रॉयल्टी, ती राज्याच्या तिजोरीत जाते. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि रॉयल्टीच्या हिशोबाने आणखी थोडी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या भागासाठीच्या निधीला, मिळायला लागली, पण ते जिल्ह्याचं, गावाचं नाही. २०२० पर्यंत आमच्याकडे ग्रामपंचायत, तिच्या हातात काय होतं, तर घरटॅक्स, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची वसुली. हो, ग्रामपंचायतच. २०११ च्या जनगणनेत आमची लोकसंख्या ३२ हजारांच्या वर, जनगणनावाल्यांनी आम्हाला शहर म्हणून मोजलं, पण कारभार सरपंच आणि ग्रामसेवकाचा. राज्याच्या कायद्यात २५ हजारांवर लोकसंख्या आणि शेतीबाहेरचा रोजगार ३५ टक्के असला की नगरपरिषद होऊ शकते. शेतीबाहेरचा रोजगार! आमच्याकडे शेतीतला रोजगार शोधावा लागेल, वावरं कधीच खाणीत गेली.

आता कुणी म्हणेल इंग्रजांच्या काळात कुठे होत्या नगरपालिका वगैरे. होत्या हो. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, १८६७ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत वरोऱ्याला सरकारी खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, ती खाण १९०६ मध्ये बंदही पडली. आमच्या घुग्घुसचा कोळसाही इंग्रजांपासून निघतोय, ताडाळीहून मालगाडीचा फाटा आलाय, पण नगरपरिषद मिळाली २०२० च्या शेवटी. चांद्यानंतर दीडशे वर्षांनी. कोळसा न्यायला रूळ आले, कचरा न्यायला घंटागाडी नाही आली.

आणि एक खरं सांगतो, याचा आम्हाला फार राग पण नव्हता. कारण अर्ध्या गावाला ग्रामपंचायत लागतच नव्हती. ज्याचा बाप खाणीत परमनंट, तो क्वार्टरमध्ये, त्याचं पाणी, लाइट, दवाखाना सगळं कंपनीचं. राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं, मालक बदलले, पण कॉलनी ती कॉलनीच आणि बाकीचं गाव ते गाव. मी क्वार्टरवाला. माझी मावशी आमराई वॉर्डात, टँकरवाली. लहानपणी तिच्याकडे जायचं म्हणजे मला वाटायचं दुसऱ्या गावाला चाललो, पंधरा मिनिटं चालत.

तर आमराई. २६ ऑगस्ट २०२२, पोळ्याचे दिवस, मी सुट्टीवर आलेलो. संध्याकाळकडे बातमी आली की आमराईत एक घर जमिनीत गेलं. मला वाटलं भिंत पडली असेल. आपल्याकडे 'गेलं' म्हणजे काहीही असतं. तिथे गेलो तर खरंच घर नव्हतं. घराच्या जागी खड्डा, साठ-सत्तर फूट खोल, कडेची माती अजून सुटत होती आणि पोलीस लोकांना मागे रेटत होते. आतल्या माणसांना आधी हादरा जाणवला म्हणून ती बाहेर पळाली आणि वाचली. खाली जुनी बंद पडलेली भुयारी खाण. भुयारी खाणीत कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढतात, पोकळीत पाण्यासोबत नदीची रेती भरतात असा शिरस्ता, आणि वर लोक राहतात. किती खांब उरले, किती रेती भरली, हे वर राहणाऱ्याला कोण सांगणार?

आजूबाजूची घरं रिकामी करा असा हुकूम निघाला. मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून. मी सिलिंडर बंद केला, टीव्ही उचलायला गेलो तर ती म्हणाली, "बाबू, टीव्ही राहू दे, पावत्या घे पयले." पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या थैलीत घरटॅक्सच्या पावत्या, वर्षांप्रमाणे दोऱ्याने बांधलेल्या, वरच्या नगरपरिषदेच्या, खालच्या ग्रामपंचायतीच्या, तळातल्या तर हाताने लिहिलेल्या, शाई पार उडालेली. मी चिडलो, म्हटलं जमीन खचतेय आणि तू पावत्या काय मोजतेस. ती म्हणाली, "पट्टा नाही, सातबारा नाही. उद्या कोणी इचारलं का इथं घर होतं का, तं काय दाखवू?"

मला उत्तर नाही आलं. मागून साहेब लोक आले, मोजमाप झालं, यादी झाली. गर्दीतला एकजण ओरडला, "नगरसेवकाला बोलवा!" आणि कुणीतरी हसलं, कारण नगरसेवक नव्हताच. तेव्हा नगरपरिषद झाली होती पण निवडणूक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. सरपंच गेला होता, नगराध्यक्ष आलेला नव्हता, आणि नेमकं त्या मधल्या काळात घर जमिनीत गेलं.

मी स्वतः नगरपरिषदेसाठीच्या मोर्चात होतो, घोषणा देत होतो. तेव्हाचा मी म्हणायचो एकदा नगरपरिषद होऊ दे, मग बघा. आताचा मी त्याला विचारतो, बघितलं काय? १९५७ च्या कोल बेअरिंग कायद्याने सरकार खालचा कोळसा घेतं, मग त्याच्यावरच्या गल्लीत नाली काढणारी नगरपरिषद काय करणार? तो तेव्हाचा मी पण गप्प बसत नाही, तो म्हणतो ग्रामपंचायत असती तर मावशीच्या घराची नोंद तरी धड झाली असती का, निधी आला, रस्ते झाले, ते नाही दिसत तुला? दिसतात. पण जमिनीखालचा नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा अशी मागणी मोर्चात एकानेही केली नव्हती, ती आम्हाला सुचलीच नाही.

आणि प्रदूषणाचं विचारू नका. २००९ च्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या केंद्रीय यादीत चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आलं, त्यात घुग्घुस धरलेलं होतं. मेरिट लिस्टमध्ये आम्ही तेवढेच.

मावशी सध्या भाड्याने राहते. त्या रिकाम्या घराचा टॅक्स ती अजून भरते. मी म्हणतो कशाला भरतेस, ती म्हणते बंद केला तर घर सोडलं असं धरतील. दिवाळीत यावरून आमचं चांगलंच वाजलं. मामा तिच्या बाजूने आहे, माझी बायको माझ्या. तुमचं काय म्हणणं असेल ते सांगा, पण "तिकडे कोळशात लय पैसा" हे मला परत ऐकवू नका.