कुर्डुवाडी–सोलापूर अप-डाउन : माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सची नोकरी लागली तेव्हा घरात पहिला विषय पगाराचा निघालाच नाही. कुर्डुवाडी ते सोलापूर रेल्वेने ७९ किलोमीटर, रोज कसं जमणार, हाच प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं खोली घे की, पोरीला मी बघते." पण मुलगी चौथीत, नवऱ्याचं दुकान इथे, आणि खोलीभाडं जाऊन हातात उरणार किती? मी अप-डाउनच करायचं ठरवलं. आता घडी नीट बसली आहे. आमच्या भागातून बऱ्याच मुली-बायका सोलापुरात नोकरी बघतात, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या शेजारी रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. मी सकाळच्या गाड्यांची चौकशी करत होते, तर ते म्हणाले, "वहिनी, जायची गाडी कुणालाही सापडते. संध्याकाळी घरी आणणारी कोणती, ते आधी बघा." या एका वाक्याने माझं सगळं नियोजन बदललं. सकाळी उशीर झाला तर साहेबांचं बोलणं खावं लागतं, पण संध्याकाळची गाडी हुकली तर पोर उंबऱ्यात वाट बघत बसते. म्हणून मी आधी परतीच्या गाड्या वहीत उतरवल्या. कोणती कुर्डुवाडीला थांबते, कोणती रोज असते, कोणती आठवड्यातून ठरावीक दिवशीच, ती कुठून येते, असं सगळं. लांबून येणारी गाडी उशिरा येण्याची शक्यता जास्त, सोलापुरातूनच सुटणारी असेल तर भरवसा बरा. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव सगळे घेतात, पण ती सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि रात्री परत येते. आपली दिशा नेमकी उलटी.

मग ती वही घेऊनच कारखान्यात बोलायला गेले. सुटायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, जेवणाची सुट्टी मी कमी घेते, असं स्पष्ट सांगितलं. मॅनेजर साहेबांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. रुजू होण्याआधी हे बोलून घेणं फार महत्त्वाचं आहे. नंतर मागितली तर ती सवलत वाटते, आधी ठरवली तर ती कामाची वेळ असते.

रेल्वेच्या मासिक पासाचं काम तसं सोपं आहे. फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन खिडकीवर गेलं की आधी ओळखपत्र करून देतात आणि त्याचा नंबर पासावर येतो. पास आणि ओळखपत्र दोन्ही जवळ हवं. नुसता पास दाखवला तर टीसी ऐकत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पास मोबाईलवरही निघतो. मुदत संपायच्या आधी दहा दिवसांपासून पुढचा पास काढता येतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहायची वेळ आणू नये. नोकरी टिकणार याची खात्री झाली की तीन महिन्यांचा काढावा. तो मासिकाच्या २.७ पटीत पडतो. पास साधारण १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो, म्हणजे कुर्डुवाडी, माढा, मोहोळवाल्यांना अडचण नाही.

खरी गुंतागुंत गाड्यांची आहे. पास हातात आला म्हणजे कुठल्याही गाडीत चढता येतं असा समज असतो. तसं नाही. आरक्षित डब्यात मासिक पास चालत नाही, जनरलमध्येच बसायचं. सुपरफास्टला वेगळा अधिभार भरावा लागतो. ओळखायची खूण म्हणजे गाडीचा नंबर साधारण १२ किंवा २२ ने सुरू होतो. वंदे भारत कुर्डुवाडीला थांबते, १० फेब्रुवारी २०२३ ला ती सुरू झाली तेव्हा गावात केवढा आनंद होता, पण पासवाल्यांना तिचा उपयोग नाही. आपली गाडी म्हणजे सगळीकडे थांबत जाणारी पॅसेंजर आणि मेल-एक्स्प्रेसचे जनरल डबे.

त्या पॅसेंजरचं एक जग आहे. कोर्टात कामाला असलेले, बँकेतले, शिक्षक, कॉलेजची पोरं आणि सिव्हिलला निघालेले पेशंट. एकदा माढ्याला एक बाई म्हाताऱ्या आईला घेऊन चढली. आईच्या हातात एक्स-रेची पिवळी पिशवी, पाय थरथरत होते. डबा खच्चून भरलेला. आमच्यातल्या एक जिल्हा परिषदेच्या शिक्षिका न बोलता उठल्या, म्हणाल्या, "बसा आजी, सोलापूर लांब हाय अजून." मग पोरांनी वर बॅगा सरकवल्या, कुणी पाणी दिलं. सिव्हिलमध्ये केसपेपर कुठे काढायचा, हे मोहोळ येईपर्यंत तिला चौघींनी समजावून सांगितलं. एकटीने प्रवास करायची माझी धास्ती या माणसांमुळेच गेली. बायकांनी पहिल्या आठवड्यातच एखादा गट धरावा आणि रोज त्याच डब्यात चढावं. कुणी दिसलं नाही तर लगेच फोन येतो.

दौंड–सोलापूर मार्ग दुहेरी झाल्यापासून समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला ताटकळणं खूप कमी झालं, असं जुने पासवाले सांगतात. तरी मागून मेल येत असेल तर पॅसेंजर बाजूला घेतात. पावसाळ्यात एका संध्याकाळी आमची गाडी सोलापूरजवळच्या पाकणी स्टेशनला अशीच उभी राहिली. बाहेर अंधार, लांबवर ऑइल डेपोचे दिवे. सिग्नल काही मिळेना. त्या दिवशी घरी पोचायला फार रात्र झाली. तेव्हापासून दुसरा मार्ग तयार ठेवते. गाडीचं लाइव्ह लोकेशन कारखान्यातून निघतानाच बघायचं, फार उशीर दिसला तर स्टेशनवर न जाता सरळ एसटी स्टँड गाठायचा, पुण्याकडची गाडी धरून टेंभुर्णीला उतरायचं आणि तिथून कुर्डुवाडी. पैसे जास्त जातात. त्यासाठी पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात नोटा ठेवलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

स्टेशन ते एमआयडीसी हा तुकडाही हिशोबात धरा. मी शेअर रिक्षाने जाते, आणि महिन्याला हाच खर्च पासापेक्षा जास्त होतो. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन माहीतच आहे. दुपट्टा आणि पाण्याची बाटली विसरून चालत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, रस्त्यांना गर्दी असते, तेव्हा संध्याकाळी लवकर निघावं.

यंदा माझ्या नणंदेची मुलगी बारावी झाली, सोलापुरात बी. कॉम.ला जाणार आहे. तिला हॉस्टेलला ठेवायचं म्हणून भावजी पैशाची जुळवाजुळव करत होते. घर ते कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत असतो, मुलांना बारावीपर्यंत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कॉलेजकडून सही-शिक्क्याचा दाखला घेऊन खिडकीवर द्यायचा. प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात तो दाखला मागून घे, असं तिला सांगून ठेवलंय, आणि गाडीत आमच्या बायकांत तिची जागा धरून ठेवली आहे.