कापलेली मिनिटं

मी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट आहे. मॅचच्या दिवशी माझी जागा स्टँडच्या सगळ्यात वरच्या रांगेत असते. समोर दोन लॅपटॉप, डोक्याला हेडसेट, आणि हेडसेटच्या दुसऱ्या टोकाला बेंचवरचे असिस्टंट कोच. वरून अख्खं मैदान पटासारखं दिसतं. आपली लाइन कुठे तुटतेय, त्यांचा कोण मोकळा राहतोय, हे मी खाली कळवायचं, आणि त्याच वेळी क्लिपा टॅग करत राहायचं. लोकांना वाटतं मी मॅच बघतो. खरं तर मी अर्धी मॅच बघतो आणि अर्धी नोंदवतो.

मागच्या सीझनमधली गोष्ट. आम्ही लागोपाठ चौथी मॅच हरलो होतो. तीही 70 मिनिटं एका गोलनं पुढे असताना. 71 व्या मिनिटाला बरोबरी, 79 व्याला दुसरा गोल, खेळ खलास. त्यातच आमचा कॅप्टन, चार नंबरचा सेंटर बॅक, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणारा, सलग तिसऱ्या मॅचला संघाच्या यादीतच नव्हता. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर चालला होता. कोच मान खाली घालून बोगद्यात गेले.

शनिवारी मॅच झाली, मंगळवारी मॅनेजमेंटनं चाहत्यांची बैठक ठेवली. अशा बैठकीला कोच सहसा येत नाहीत. आमचे आले. मला म्हणाले, "लॅपटॉप घेऊन ये. लोक क्लिपा मागतील."

सव्वाशे-दीडशे माणसं होती. पहिली दहा मिनिटं नुसता आरडाओरडा. मग एक चष्मेवाला मुलगा उभा राहिला. त्यानं कागदावर बॅक फोरची, म्हणजे मागच्या चार डिफेंडरांची, चित्रं काढून आणली होती. म्हणणं असं, की आपण डिफेन्सची लाइन हाफवे लाइनच्या जवळ नेऊन ठेवतो, मागे चाळीस मीटर मैदान उघडं, आणि आपल्या सेंटर बॅकना तेवढा पल्ला धावून काढायचा वेग नाही. दोन्ही गोल त्या उघड्या मैदानातूनच आले.

त्यावर मागून एकानं इटलीच्या एसी मिलानचा, कोच साकीच्या काळातल्या संघाचा, दाखला दिला. 1989 आणि 1990, लागोपाठ दोन युरोपियन कप, तेही हाय लाइनवरच.

"त्यांच्याकडे डिफेन्सला बारेसी होता," दुसरा ओरडला. "आपला बारेसी यांनी स्टँडमध्ये बसवलाय!"

हॉल हसला. कोचही किंचित हसले. तेवढ्यात कुणीतरी नियमाचा मुद्दा काढला: पास येताना शेवटच्या डिफेंडरच्या पलीकडे असलेला फॉरवर्ड ऑफसाइड, हे आहेच; पण तेव्हा त्याच्या बरोबरीत असलेलाही ऑफसाइड धरायचे, 1990 ला नियम बदलला, तेव्हापासून बरोबरीत असला तर चालतो, म्हणून तेव्हाची लाइन आणि आताची लाइन यांची तुलनाच नको. बरोबर होतं ते. मला दरवेळी नवल वाटतं ते याचं. शिव्या देणारी माणसं आणि नियम पाठ असणारी माणसं वेगळी असतील असं आपण धरून चालतो. ती एकच असतात.

पांढऱ्या मिश्यांचे एक काका उठले. त्यांनी 2014 काढलं. वर्ल्ड कप, ब्राझील आणि जर्मनीची सेमीफायनल. ब्राझीलचा कॅप्टन थियागो सिल्वा दोन पिवळ्या कार्डांपायी बाहेर, आणि 23 ते 29 या मिनिटांत जर्मनीचे चार गोल. "डिफेन्सचा मुकादम काढून घेतला की बाकीचे तिघं नुसते उभे असतात," काका म्हणाले. "तुम्हाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही, सर. मग कारण काय?"

त्यावर चष्मेवाला, जो आतापर्यंत कोचच्या विरोधात होता, तोच कोचच्या बाजूनं बोलायला लागला. लिव्हरपूलचा व्हॅन डाइक ऑक्टोबर 2020 मध्ये जायबंदी झाला, पुढे दुसरे सेंटर बॅकही गेले, तरी सीझनच्या शेवटी फिलिप्स आणि विल्यम्स या नवख्या जोडीवर त्यांनी तिसरा नंबर काढलाच ना? एका माणसावाचून अडत नाही. अडतं ते लाइन कुठे ठेवायची यावर. मग काका आणि तो पोरगा एकमेकांतच जुंपले, आणि कोचना पाणी प्यायला दोन मिनिटं मिळाली.

कॅप्टनला का बसवलं याचं कारण मला ठाऊक होतं. ते त्याच्या फॉर्मशी संबंधित नव्हतं, कोचशी भांडणही झालेलं नव्हतं, आणि ते जाहीर करू नका असं कॅप्टननंच सांगितलं होतं. इथेही लिहीत नाही. कोच एवढंच म्हणाले, "तो निर्णय माझा आहे. त्यावर यापेक्षा जास्त बोलणार नाही." मग काय, पुन्हा गदारोळ. अहंकार, हट्ट, राजीनामा, सगळं निघालं. मी त्यांच्या शेजारी लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घालून बसलो होतो. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

मग बदलांचा विषय निघाला. "पाच बदल करता येतात. तुम्ही तीनच केले. आणि तिन्ही पुढचे! लेफ्ट बॅक लंगडत होता शेवटी, त्याला का नाही काढला?"

इथे नियम सांगायला हवा, कारण खूप जणांच्या तो नजरेतून सुटतो. बदल पाच, पण त्यासाठी खेळ थांबवायच्या संधी तीनच. हाफटाइमला केलेले बदल त्यात धरत नाहीत. आम्ही हाफटाइमला काहीच बदललं नव्हतं. मग 54, 60 आणि 66 व्या मिनिटाला एकेक माणूस बदलला. म्हणजे 66 नंतर दोन बदल खिशातच राहिले, वापरायला दार नव्हतं. फिजिओनं लेफ्ट बॅकबद्दल खूण केली ती 75 व्या मिनिटाला. त्याला बाहेर काढलं असतं तर दहा जणांत खेळावं लागलं असतं.

कोचनी हे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "एकेक करून संधी संपवल्या ही माझी चूक. बेंचवर चार फॉरवर्ड आणि एकच डिफेंडर नेला, तीही माझीच." हॉल थोडा निवळला. चूक कबूल करणाऱ्या माणसावर ओरडायला लोकांना जड जातं.

आता क्लिपा. मी पहिला गोल लावला. बॉल आमच्या हाफमध्ये येतो, तिघं डिफेंडर एकदम वर सरकतात, आणि डावीकडचा दोन पावलं मागे राहतो. त्या दोन पावलांमुळे त्यांचा फॉरवर्ड ऑनसाइड. चष्मेवाला म्हणत होता लाइन फार वर होती. तसं नव्हतं, लाइनच नव्हती, कारण चौथा माणूस तिच्यात नव्हता. रविवारी दिलेल्या रिपोर्टमध्ये मी त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: "एकाग्रता ढळली." दोन शब्द. लिहायला पाच सेकंदही लागली नसतील.

चौथ्या रांगेतल्या एक बाई बराच वेळ हात वर करून होत्या. पन्नाशीच्या असतील. कुणीतरी म्हणालं, "ताईंना बोलू द्या." त्या उठल्या आणि कोचकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या.

"त्याचा पाय आधीच धरला होता. तुम्ही 75 म्हणताय. साठच्याही आधीपासून."

सोमवारी त्याचा स्कॅन झाला होता. हॅमस्ट्रिंगचा स्नायू फाटलेला. 75 व्या मिनिटाला धावताना झालं, असं त्यानं स्वतः सांगितलं होतं.

"मी गोलच्या मागे उभी असते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हाफला आपला गोल आमच्या बाजूला येतो. बॉल तिकडे दूर असला की आम्हाला दिसायला दुसरं काही नसतं, आपले चौघंच दिसतात. थ्रो-इन होता लांबच्या बाजूला. त्यानं वाकून मांडीची मागची बाजू दाबली. मग परत एकदा. दुसऱ्या वेळी मी शेजारणीला म्हटलंसुद्धा, हा आता जाणार."

मी क्लिपांची यादी चाळली. माझ्याकडे 57 व्या मिनिटाची क्लिप होती, 59 ची होती. 58 ची नव्हती. नसणारच. बॉल बाहेर गेला की मी क्लिप तोडतो, आत आला की पुढची सुरू करतो. नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम पंचावन्न-साठ मिनिटं. बाकीचं कोण बघणार? कोचना सोमवारी सकाळी तासाभरात मॅच बघता यावी म्हणून मी ते कापतो, आणि हे कसब म्हणून मिरवतोही.

त्याहून वाईट म्हणजे शनिवारी 58 व्या मिनिटाला मी तिथेच होतो. वर, सगळ्यात चांगल्या जागेवर. बॉल बाहेर गेला म्हणून मान खाली घालून आधीच्या क्लिपला नाव देत होतो.

"मूळ रेकॉर्डिंग आहे ना?" कोचनी विचारलं.

वाइड कॅमेरा सगळा वेळ चालू असतो. होतं. मी 58 वर नेलं. पडद्यावर माणूस नखाएवढा. उजव्या कडेला थ्रो-इनची तयारी, दोघं-तिघं जागा बदलतायत, आणि डावीकडे, जिथे कुणी नाही, तिथे एक ठिपका वाकला. डावा हात मागे गेला. सरळ झाला, दोन पावलं चालला, पुन्हा वाकला.

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मला वाटलं आता कोच माझ्याकडे वळून काहीतरी म्हणतील, निदान बघतील. ते पडद्याकडेच बघत राहिले. मग ताईंना म्हणाले, "थँक यू." त्यानंतरही बैठक अर्धा तास चालली. कॉर्नरला झोनल (जागा राखायची) की मॅन-टू-मॅन (माणूस धरायचा) यावर काका आणि चष्मेवाला पुन्हा भिडले. मी काही ऐकलं नाही.

वायरी गुंडाळताना कोच आले. मी सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "उद्या सातला ये. अख्खी मॅच बघू. न कापता."

बुधवारी सकाळी आम्ही दोघंच बसलो. न कापलेली मॅच बघणं कंटाळवाणं असतं, हे मान्य केलं पाहिजे. माणसं बुटाची नाडी बांधतात, पाणी पितात, रेफ्रीशी हुज्जत घालतात. पण हळूहळू वेगळंच काही दिसायला लागलं. कोण कुणाशी बोलतोय. गोल झाल्यावर कोण कुणाकडे बघत नाही. कॅप्टन नसल्यामुळे खेळ थांबला की आमचे चौघं डिफेंडर चार दिशांना तोंडं करून उभे असतात, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. काकांचा मुकादम तो हाच, बॉल नसताना चौघांना गोळा करणारा. कोचनी वहीत काहीतरी लिहिलं.

66 वं मिनिट आलं. बॉल बाहेर. चौथा रेफ्री बोर्ड घेऊन टचलाइनकडे निघतो. डावीकडे आमचा लेफ्ट बॅक बेंचकडे तोंड करून उभा आहे. त्यानं हात वर न्यायला सुरुवात केली. खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात बोर्ड वर गेला. नंबर आमच्या फॉरवर्डचा. त्यानं तोच हात खाली आणला, वाकून मोजा वर ओढला, आणि आपल्या जागेवर चालत गेला.

"परत लाव," कोच म्हणाले.

मी परत लावलं.