हरणीचे खोगीर : गलेट जमले, तंगाने अडवले

आमची घोडी हरणी हिचे खोगीर तिच्या विदर्सवर (मानेच्या मुळाशी पाठीवर असलेल्या उंचवट्यावर) दाबत होते. मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे त्याची गलेटपट्टी, म्हणजे पुढच्या कमानीची रुंदी ठरवणारी पट्टी, बदलून एक माप रुंद बसवली आणि तो दाब खरोखरच गेला. मुलगी वर बसलेली असतानाही कमान आणि विदर्स यांच्यामध्ये आता दोन बोटे सहज जातात, आणि मागून वाकून पाहिले तर कण्यावरच्या मधल्या खोबणीतून आरपार उजेड दिसतो. पट्टी घरच्या घरी बदलता येणारी विंटेकसारखी कृत्रिम खोगिरे वाढत्या घोड्यांसाठी कातड्यापेक्षा सोयीची असतात, हे माझे मत त्यामुळे आणखी पक्के झाले. परंतु घोडे अडले ते दुसरीकडेच : दुडक्या चालीत रिंगणाच्या दोन-तीन फेऱ्या होईतो खोगीर पुढे सरकून थेट फऱ्यावर (खांद्याच्या चपट्या हाडावर) चढते.

हरणी भीमथडी जातीची, १३ हँड उंचीची (सुमारे १३२ सेंमी), विदर्स बुटके आणि पावसाळ्यातल्या ओल्या चाऱ्यावर पोट गोल झालेले. त्यामुळे खोगिराला अडायला जागाच नाही. खरे कारण मात्र तंगात, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळून धरणाऱ्या पट्ट्यात आहे. तंग कितीही मागे बांधला तरी चालताना तो कोपरामागच्या, छातीच्या सर्वांत अरुंद खाचेत जाऊन बसतो. हरणीची ही खाच बरीच पुढे आहे, तर खोगिराचे तंगपट्टे तिच्या चांगले मागे लोंबतात. साहजिकच तंग पुढे जाताना खोगिरालाही ओढून नेतो. तंग आवळून उपयोग होत नाही, घोडी फक्त कान मागे टाकते. दुमची (खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा) लावल्यावर खोगीर थांबले, पण ती ओढ आता शेपटीच्या मुळाशी येऊ लागली, म्हणून दुमची काढली. खोगिराखाली जाड जेल पॅड घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला. माझ्या मते तो घट्ट बुटात दुसरा मोजा घालण्याचा प्रकार आहे.

वाट सापडली ती घोडीची देखभाल करणाऱ्या आमच्या मोतद्दारामुळे. त्याने फऱ्याची मागची कड खडूने आखली आणि पुढचा पाय उचलून पुढे ताणला, तेव्हा फऱ्याचा वरचा भाग त्या रेषेच्या किती मागे येतो ते स्पष्ट दिसले. खोगिराच्या आतल्या सांगाड्याचे पुढचे टोक त्या जागेच्याही मागे हवे. मग एका स्नेह्याकडून मध्यभागी पुढे वळलेला तंग मागून आणला. त्याचा मधला भाग खाचेत बसतो आणि बकलांची टोके मागे, पट्ट्यांच्या सरळ रेषेत राहतात. तेवढ्या एका बदलाने सरकणे जेमतेम बोटभरावर आले, आणि काल खोगीर उतरवल्यावर घामाचे ठसे दोन्ही बाजूंना सारखे, ठशात कुठे कोरडा डाग न सोडता उमटलेले होते. ते ठसे मी बराच वेळ पाहत उभा होतो!

उरलेल्या बोटभरासाठी सांगाड्याच्या पुढच्या टोकापासून निघणारा पॉइंट पट्टा (तंग अडकवायचा पुढचा पट्टा) बसवून घ्यायचा, असे ठरले होते. मात्र हे लिहिता लिहिता त्या खर्चाविषयी शंका येऊ लागली आहे. मुलीचे गुडघे आताच फ्लॅपच्या (पायाखाली येणाऱ्या खोगिराच्या बाजूच्या झडपेच्या) कडेला टेकतात आणि १६ इंची बैठक तिला फार काळ पुरणार नाही. उलट हरणीच्या पाठीवर फऱ्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंत जागाच थोडी आहे, आणि त्या बरगडीच्या मागे वजन पडू देता येत नाही. म्हणजे मुलीसाठी बैठक वाढवायची, पण घोडीसाठी खोगिराखालच्या, पाठीवर टेकणाऱ्या गाद्या लांबू द्यायच्या नाहीत. मागे वर वळलेल्या आखूड गाद्या, पुढे काढलेला फ्लॅप, गोल पाठीसाठी कमानदार सांगाडा आणि मुळातच पॉइंट पट्टा असलेले नवे खोगीर घेणे हाच सरळ मार्ग दिसतो. कानपूरच्या एका कारागिराने केवळ छायाचित्रावरून माप ठरवण्याची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. चारा आटोक्यात आणून पोट थोडे उतरले, की लवचीक पट्टीने फऱ्यामागचा, पाठीच्या मध्याचा आणि शेवटच्या बरगडीजवळचा आकार कागदावर उतरवून, कण्याचा लांबीतला बाक सोबत जोडून मगच मागणी नोंदवीन. तोपर्यंत मागून आणलेला तंगच चालवायचा आहे.