मे महिन्यात माणूसच भेटत नाही

परवा रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो सध्या ऑस्ट्रेलियात आहे, नॉर्दर्न टेरिटरीत हायवेवरच्या एका रोडहाऊसमध्ये, म्हणजे आपल्याकडचा ढाबा-लॉजच, किचन पण सांभाळतो आणि खोल्यांच्या चादरी पण बदलतो. म्हणे, "मामा, इथं पण आपल्यासारखंच आहे, पुढचं गाव लय दूर, अन् कामाले माणूस भेटत नाही."

तो 462 नंबरच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर गेला. भारतीयांसाठी हा व्हिसा सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला, वर्षाले 1000 जागा, वय 18 ते 30, आणि सोडत काढतात. नंबर लागला तर एक वर्ष राहता येतं, पण एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम. खरी गोष्ट पुढं आहे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा पाहिजे असंल तर तीन महिने ठरवून दिलेल्या भागात ठरलेलं काम करावं लागते, शेतीचं चालते, आणि उत्तरेकडच्या किंवा दूरच्या भागात हॉटेलचं पण चालते. म्हणजे आडगावात भांडी घासलेले दिवस तिथं सरकार मोजते! कोरोनात सीमा बंद झाल्या तेव्हा बॅकपॅकर, म्हणजे अशा व्हिसावर फिरत फिरत काम करणारे पोरं-पोरी, आलेच नाहीत आणि तिकडले खेड्यातले हॉटेलवाले पार अडकले होते.

हे ऐकून मले झोपच नाही आली.

आमचं होमस्टे ताडोब्याच्या कोलारा गेटजवळ आहे, सहा खोल्या. वाघ पाहाले सगळ्यात जास्त गर्दी एप्रिल-मेमध्ये, कारण उन्हात पाणवठ्यावर वाघ दिसतो, आणि नेमकं तेव्हाच गावात मोहफूल आणि मग तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं. पंधरा-वीस दिवसांत घरातले सगळे मिळून पानं तोडतात, 70 पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथं, नेतात, त्या पैशात पावसाळ्याचं बी-बियाणं निघते, त्यायले मी कसं म्हणू का ते सोडून माझ्याकडे पोळ्या लाटाले या? त्याच्या आधी कित्येक जण मिरची तोडाईले तेलंगणात गेलेले असतात. मग पहाटे चारला पाहुण्यायचा चहा मी करतो, नाश्त्याचे डबे बायको भरते, आणि जुलैमध्ये कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद झाला तरी माणसं मोकळी होत नाहीत, धानाची रोवणी लागते.

शिकलेले पोट्टे आहेत ना, हॉटेल मॅनेजमेंट केलेले, आपल्याच जिल्ह्यातले. पण मागच्या वर्षी एका कॉलेजात गेलो, म्हटलं ट्रेनिंगले दोन पोरं पाठवा, राहणं-खाणं-पगार देतो. त्यायनं सांगितलं, ट्रेनिंग मोठ्या शहरातल्या हॉटेलचंच धरतो, होमस्टेचं धरत नाही. मग तो पोट्टा पुण्यात आठ जणांच्या खोलीत राहून महिनेन् महिने कांदे कापते, ते ट्रेनिंग, आणि इथं बुकिंग, किचन, पाहुणे, हिशोब सगळं शिकंल ते मोजायचं नाही. याचं मले खरंच वाईट वाटते.

चूक आमची मालक लोकांची पण आहे, सुट्टी द्यायची नाही, झोपाले स्टोअररूम. मी आता मागं एक खोली बांधली, पंखा-कूलर लावला, आणि मंगळवारी पार्क बंद राहते तर तो दिवस पक्का सुट्टीचा ठेवला.

काल कॉलेजात परत अर्ज देऊन आलो. तीन जण, मार्च ते जून, आणि शेवटी लिहिलं का हे चार महिने मार्कशीटवर धरा.